चिंता व्यक्त झाली, पुढे काय?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो मोठा आहे. अल्पसंख्याकांना आणि हक्कांसाठी लढणाऱ्यांना जी वागणूक मिळते, तिच्याबद्दल इतर देश जी 'चिंता' व्यक्त करतात, तिचं पुढे काय होतं? मी काही परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक नाही. दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी वाचतो. त्यामुळे एका इंजिनिअरला जे दिसलं तेवढंच सांगणार आहे. चुकलं तर चहाच्या वेळी धरा मला.

सुरुवात घरातून करतो. आमचं घर कोकणातलं. गावातल्या दर दोन घरांतला एक माणूस आखातात, असा आमच्याकडचा हिशोब. माझे मामू कुवेतमध्ये बरीच वर्षं आहेत. जून 2022 आठवा. सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्या टीव्हीवर पैगंबरांबद्दल बोलल्या, आणि 5 जूनला कतार, कुवेत आणि इराण या तीन देशांनी भारताच्या राजदूतांना बोलावून घेतलं. कतारने तर जाहीर माफीची अपेक्षा केली. त्याच दिवशी आपले उपराष्ट्रपती कतारच्या दौऱ्यावर होते. पक्षाने प्रवक्त्यांना निलंबित केलं. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री जणू ईद होती. 'बघा, आपल्या मागे कोणीतरी आहे.' खोटं कशाला बोलू, मीसुद्धा दोन-तीन गोष्टी फॉरवर्ड केल्या.

पाच-सहा दिवसांनी मामूंचा फोन. आवाज दबलेला. "तू तिकडं बसून मला काही पाठवू नको रे बाबा. इथं आमचा व्हिसा आहे." झालं असं होतं की 10 जूनला जुम्म्याच्या नमाजनंतर कुवेतमधल्या फहाहील भागात काही परदेशी कामगार त्याच टिप्पणीच्या निषेधासाठी जमले होते. परदेशी माणसांना तिथे निदर्शनं करायला परवानगी नाही. त्यांना पकडून मायदेशी पाठवण्याचे आदेश निघाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ज्या सरकारने राजदूताला बोलावलं, त्याच सरकारने त्याच कारणासाठी रस्त्यावर आलेल्या गरीब माणसाची नोकरी आणि व्हिसा काढून घेतला. आणि 12 जूनला प्रयागराजमध्ये एका कार्यकर्त्याच्या घरावर बुलडोझर चालला, तेव्हा राजदूतांना बोलावणं गेलं नाही. शब्दांवर चिंता होती, घरावर नव्हती.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसलोय.

चारच महिन्यांनी, 6 ऑक्टोबर 2022 ला, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत एक मतदान झालं. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उईघूर मुसलमानांबद्दल. ठराव काय होता? चौकशी करा, असा नव्हता. निषेध करा, असाही नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क कार्यालयाने 31 ऑगस्टला एक अहवाल प्रसिद्ध केला होता, त्यावर पुढच्या अधिवेशनात चर्चा करू या, एवढंच. त्या अहवालात म्हटलं होतं की तिथे उईघूर आणि इतर मुस्लीम समाजांना ज्या रीतीने डांबून ठेवलं गेलं, तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो. चर्चेच्या बाजूने 17 मतं पडली, विरोधात 19, आणि 11 देश तटस्थ. चर्चा होणार नाही, असं ठरलं.

ती यादी मी प्रिंट काढून जवळ ठेवलीय. विरोधात कोण? पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, कझाकस्तान, उझबेकिस्तान, सुदान, सेनेगल, मॉरिटानिया. तटस्थ कोण? मलेशिया, लिबिया, गांबिया. आपला भारतही तटस्थ. त्या परिषदेतल्या मुस्लीमबहुल देशांपैकी चर्चेच्या बाजूने हात वर केला तो एकट्या सोमालियाने. ज्या सोमालियाला आपण सगळे गरीब, मोडकळीला आलेला देश म्हणतो, त्याने. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी काही लिहिलं नाही. मी यादी टाकली. एका चुलतभावाने विचारलं, 'हे फेक तर नाही ना?'

आता ज्यांच्याबद्दल ही चर्चा व्हायची होती त्यांच्यातल्या एका माणसाबद्दल बोलू. इल्हाम तोहती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, बीजिंगच्या मिन्झू विद्यापीठात शिकवायचे. 2006 मध्ये त्यांनी एक वेबसाइट काढली, 'उईघूर ऑनलाइन'. चिनी आणि उईघूर, दोन्ही भाषांत. दोन समाजांनी एकमेकांना वाचावं, भांडायचं असेल तर शब्दांनी भांडावं, हा हेतू. आपलंही मासिक दोन भाषांत निघतं, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागली. तोहती वेगळा देश मागत नव्हते. चीनमध्ये 1984 पासून अल्पसंख्याक प्रदेशांच्या स्वायत्ततेचा कायदा आहे. तो पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं. उईघूर तरुणांना नोकऱ्या का मिळत नाहीत, यावर ते आकडेवारी घेऊन लिहायचे.

फेब्रुवारी 2013 मध्ये ते एका अमेरिकन विद्यापीठात अभ्यासासाठी निघाले होते, मुलगी बरोबर होती. बीजिंग विमानतळावर त्यांना अडवलं. मुलगी एकटीच विमानात बसली. तेव्हा ती विशीतही नव्हती. जानेवारी 2014 मध्ये त्यांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये उरुम्चीत दोन दिवस खटला चालला. पुरावा म्हणजे त्यांचे वेबसाइटवरचे लेख आणि वर्गातली व्याख्यानं. काही पाश्चिमात्य देशांचे राजनैतिक अधिकारी तिथवर गेले होते. त्यांना आत सोडलं नाही, ते कोर्टाबाहेर उभे राहिले. 23 सप्टेंबर 2014 ला जन्मठेप झाली. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनाही शिक्षा झाल्या. 2019 मध्ये युरोपीय संसदेने त्यांना साखारोव्ह पुरस्कार दिला, तो घ्यायला तीच मुलगी गेली. 2017 नंतर घरच्यांना त्यांची भेट मिळालेली नाही.

कोर्टाबाहेर उभे असलेले ते अधिकारी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आंतरराष्ट्रीय चिंता म्हणजे बहुतेक वेळा हेच चित्र. कोट घातलेली माणसं दाराबाहेर उभी आहेत, आणि आत निकाल लागतोय.

पुढची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबतो. मे 2019 मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने एक अहवाल काढला. शिनजियांगमधले पोलीस जे मोबाइल ॲप वापरायचे ते त्यांच्या हाती लागलं होतं. जर्मनीतल्या सुरक्षातज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी ते उलट उकलून, आतला कोड वाचून, ॲप काय करतं ते शोधलं. माणसाची उंची, रक्तगट, गाडीचा रंग, सगळी माहिती भरायची. आणि मग सिस्टीम ठरवणार, संशयित कोण. घराचा पुढचा दरवाजा फारसा वापरत नाही? शेजाऱ्यांशी कमी बोलतो? मशिदीसाठी फार उत्साहाने वर्गणी गोळा करतो? फोनवर व्हॉट्सॲप किंवा व्हीपीएन आहे? अशी 51 इंटरनेट साधनं संशयाच्या यादीत होती. विजेचं बिल जास्त आलं तर पोलीस घरी पाठवायचा, आणि त्याने ॲपमध्ये कारण निवडायचं. नवीन उपकरण घेतलं, घराचं काम चालू आहे, शेतकरी आहे... खाली ओघळणारी यादी, त्यातलं एक निवडा.

मी ती यादी बघितली आणि लॅपटॉप मिटला. कारण त्याच सुमारास मी एका कंपनीत हजेरीचं सॉफ्टवेअर बनवत होतो. त्यात मीच एक रकाना टाकला होता, 'असामान्य वर्तन'. खाली कारणांची यादी. क्लायंटने मागितलं, मी दिलं. तो पुढे कुणासाठी वापरणार, हे मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आपल्यातली कितीतरी मुलं आयटीत आहेत म्हणून सांगतो. जुलूम करणाऱ्याला हल्ली पोलिसाइतकीच एका बऱ्या डेव्हलपरची गरज असते, आणि तो डेव्हलपर दुष्ट असावा लागत नाही. शुक्रवारी रिलीज आहे म्हणून घाईत असला की पुरतं.

पुन्हा मूळ विषयाकडे येतो. दहा लाखांच्या आसपास उईघुरांना छावण्यांत ठेवलंय, अशी विश्वासार्ह माहिती आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीत ऑगस्ट 2018 मध्ये एका सदस्याने सांगितलं. चीनने साफ नाकारलं. ऑक्टोबरमध्ये त्याच चीनने कायद्यात दुरुस्ती करून त्यांना 'व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं' असं नाव दिलं. हे लक्षात ठेवा. सततच्या प्रश्नांनी छावण्या बंद झाल्या नाहीत, पण 'असं काही नाहीच' हे वाक्य मागे घ्यावं लागलं.

मग देशांनी पत्रं लिहिली. जुलै 2019 मध्ये 22 देशांनी चीनवर टीका करणारं पत्र दिलं. चारच दिवसांत 37 देशांनी चीनचं कौतुक करणारं पत्र दिलं. त्यात सौदी अरेबिया, पाकिस्तान, अमिराती. कतारचीही सही होती, ती पुढे त्यांनी मागे घेतली. त्याआधी, मार्च 2019 मध्ये, अबू धाबीला इस्लामी सहकार्य संघटनेच्या, म्हणजे ओआयसीच्या बैठकीत ठराव झाला, की चीन आपल्या मुस्लीम नागरिकांची जी काळजी घेतो त्याची आम्ही प्रशंसा करतो. त्या बैठकीला भारताच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या होत्या. आपल्याकडे त्यांच्या भाषणाच्या बातम्या झाल्या, त्या ओळीची झाली नाही.

पाश्चिमात्य देशांचं काय? त्यांनाही संत समजू नका. अमेरिकेने ग्वांतानामोच्या तुरुंगात 22 उईघूर डांबले होते. शेवटचे तिघे तिथून बाहेर पडले ते डिसेंबर 2013 मध्ये, स्लोव्हाकियाला. तीच अमेरिका नंतर उईघुरांची कैवारी झाली. आणि तरीसुद्धा एक गोष्ट मान्य करावी लागते. चिंतेला दात फुटले ते अमेरिकेच्याच कस्टम्समध्ये. डिसेंबर 2021 मध्ये कायदा झाला, जून 2022 पासून लागू. शिनजियांगमधला माल सक्तीच्या मजुरीतून आलाय असंच धरलं जाईल, नाही हे आयात करणाऱ्याने सिद्ध करायचं. जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून येतो. आपल्या विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको, कापूस अडला की किती जणांची झोप उडते ते.

मग मुस्लीम देश गप्प का? कर्ज, रस्ते, बंदरं, गॅसचे करार, ही कारणं आहेतच. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. आज चीनवर चर्चा होऊ दिली तर उद्या आपल्यावर होईल, ही भीती. पाकिस्तानात अहमदियांना काय भोगावं लागतं, अनेक देशांत पत्रकार आणि कार्यकर्ते कुठे आहेत, ते आपल्याला माहीत आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये येमेन युद्धाची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञगटाला मुदतवाढ द्यायचा ठराव याच परिषदेत पडला, 21 विरुद्ध 18. तिथे मरणारेही मुसलमान होते आणि बाँब टाकणारेही. 'उम्मत' हा शब्द आपण फार पटकन वापरतो. मतदानाच्या यादीत तो मला सापडला नाही. आपल्याला राग यायचा असेल तर तो सगळ्या याद्या वाचून यावा, फक्त आपल्या सोयीच्या नव्हे.

अपवाद आहे, तोही सांगतो. गांबिया. आफ्रिकेतला चिमुकला देश. त्यांचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्यांत काम केलेलं होतं. 2018 मध्ये ते कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावणीत गेले, लोकांचं ऐकलं, आणि त्यांना जुनं सगळं आठवलं. नोव्हेंबर 2019 मध्ये गांबियाने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आणि जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांना संरक्षण द्या असा अंतरिम आदेश दिला. तोच गांबिया उईघुरांच्या वेळी तटस्थ राहिला. माणसं अशी असतात, देशही.

आता इथे बसलेल्या काहींच्या मनातला प्रश्न. 'हा देशाचा अंतर्गत मामला नाही का? बाहेरच्यांकडे बोट दाखवलं की आपल्यालाच देशद्रोही म्हणतात.' मला ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच ऐकवलं गेलंय. तेव्हा उत्तर नव्हतं, नंतर वाचलं. 1946 साली, म्हणजे स्वातंत्र्यही मिळालेलं नव्हतं तेव्हा, भारताने संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार नेली. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना भेदभावाने वागवलं जातं म्हणून. दक्षिण आफ्रिका म्हणाली, हा आमचा अंतर्गत मामला. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय शिष्टमंडळाने ते मानलं नाही. 8 डिसेंबरला ठराव मंजूर झाला, 32 विरुद्ध 15. त्या शिष्टमंडळात मुंबईचे एक वकील-न्यायाधीश होते, महंमद करीम छागला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले ते. म्हणजे 'अल्पसंख्याकांना कसं वागवता हा फक्त तुमचा घरगुती प्रश्न नाही', हे जगाला सांगणाऱ्यांत आपल्या मुंबईचा एक मुसलमान होता, आणि तो ते भारताच्या वतीने सांगत होता. कँटीनमधल्या मित्राला मी हे नंतर सांगितलं. तो म्हणाला, 'हे शाळेत नव्हतं रे.' खरंच नव्हतं.

आता 2022 कडे परत. त्या जूनमध्येच, 27 तारखेला, ऑल्ट न्यूजचे महंमद जुबेर यांना 2018 च्या एका ट्वीटसाठी अटक झाली. ट्वीटमध्ये 1983 च्या एका हिंदी सिनेमातलं दृश्य होतं. जुबेर आपल्यासारखेच, दूरसंचार कंपनीत काम केलेले इंजिनिअर. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने काळजी व्यक्त केली. आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की अपुऱ्या माहितीवरची अशी वक्तव्यं टाळावीत. जुबेर सुटले 20 जुलैला, ते सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर. बर्लिनच्या निवेदनाने तुरुंगाचं कुलूप उघडत नाही. ते वकिलाने उघडलं.

मग निवेदनं निरुपयोगी का? माझंही दोन वर्षं तेच मत होतं. ते बदललं ते बुलडोझरच्या खटल्यामुळे. जून 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन स्वतंत्र तज्ज्ञांनी भारत सरकारला पत्र लिहिलं. खरगोनसारख्या ठिकाणी दंगलीनंतर घरं पाडली गेली, त्याबद्दल. कुठे, कधी, कोणती नोटीस, सगळं विचारलेलं. अशी पत्रं रोज जातात, मीही तेव्हा दुर्लक्ष केलं. इकडे जमियत उलमा-ए-हिंद सर्वोच्च न्यायालयात गेलेली होती. 2024 मध्ये सुनावणी जोरात आली, तेव्हा त्या तीन तज्ज्ञांपैकी घरांच्या हक्काचे तज्ज्ञ बालकृष्णन राजगोपाल यांनी त्याच खटल्यात अर्ज केला, की शिक्षा म्हणून घर पाडणं आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठे बसतं ते मला मांडू द्या. 13 नोव्हेंबर 2024 ला न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल दिला. आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही. किमान 15 दिवसांची नोटीस, नोंदणीकृत टपालाने आणि घरावर चिकटवून. बाजू मांडायची संधी. पाडताना व्हिडिओ. नियम मोडले तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम यातून वगळलंय, हेही नीट वाचा. तिथेच पुढे वाद होतात.

निकाल त्या पत्रामुळे लागला असं मी अजिबात म्हणत नाही. तो लागला आपल्याच राज्यघटनेवर, आपल्याच न्यायालयात, अडीच वर्षं तारखा घेणाऱ्या माणसांमुळे. पण बाहेरच्या चिंतेला आत यायला दार असतं, आणि ते आपल्या वकिलाच्या फाइलमधून जातं. 1997 चा विशाखा निकाल आठवा. नोकरीच्या ठिकाणी बायकांच्या छळाविरुद्ध इथे कायदा नव्हता, तेव्हा न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. तेच दार.

आमच्या कामात टेस्टर नुसतं 'ॲप चालत नाही' असं लिहून पाठवतो, तेव्हा आम्ही ती तक्रार परत पाठवतो. कोणत्या फोनवर, किती वाजता, काय दाबल्यावर, स्क्रीनशॉट कुठे? आपण समाज म्हणून बरेचदा 'ॲप चालत नाही' असंच ओरडत असतो. रागात व्हिडिओ काढतो. त्यात जागा कळत नाही, तारीख नसते, आणि तो दहा ग्रुपवर फिरून इतका आकसतो की मूळ फाइल कुणाकडेच राहत नाही. नोटीस आली की घाबरून फाडून टाकणारे लोक मी पाहिलेत.

संयुक्त राष्ट्रांच्या या तज्ज्ञांना कुणीही माहिती पाठवू शकतं, फुकट, ऑनलाइन अर्ज आहे. तो काय विचारतो? कोणाच्या बाबतीत घडलं, कधी, कुठे, कोणी केलं, इथे आधी कुठे दाद मागितली. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याची संमती घेतलीत का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. फहाहीलमधल्या कामगारांकडे बघून आपण टाळ्या वाजवल्या, पण किंमत त्यांनी मोजली. दुसऱ्याचं नाव जिनिव्हाला पाठवण्याआधी त्याच्या अम्मीशी बसून बोलायला हवं.

चहानंतर आपण तो अर्ज लॅपटॉपवर उघडणार आहोत. खोटं उदाहरण भरू, पाठवणार नाही. ज्यांनी घरच्या नोटिसा, पंचनामे, पावत्या असं काही आणलंय त्यांनी ते माझ्या टेबलाजवळ आणा. मूळ कागद हातात ठेवा, माझ्याकडे फक्त फोटो द्या. आणि व्हिडिओ असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, केबल आणलीय मी.